लेकी सासरच्या वहीत

"वडिलांना बहिणी किती?" जनुकीय समुपदेशक बाईंनी विचारलं. मी म्हणाले तीन, दादा म्हणाला चार. दोघंही एकाच वेळी बोललो आणि दोघंही गप्प झालो. बाईंनी मान वर केली नाही. आडव्या ठेवलेल्या कागदावर त्यांनी तीन गोल काढले, चौथ्याच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं आणि पुढचा प्रश्न केला, "गेलेल्या कशानं गेल्या?"

चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. कॅन्सर झालेला असेल तर आकृती काळी भरायची, माणूस हयात नसेल तर तिच्यावरून तिरकी रेघ. दादाच्या चौकोनाला बाण. अर्ध्या तासात आमच्या घराण्याचे चौकोन भरून झाले. आजोबा पन्नाशीच्या आत 'पोट फुगून' गेले. आण्णा, म्हणजे आमचे वडील, १९९१ साली, वयाच्या ४८व्या वर्षी, मिरजेला आतड्याचं ऑपरेशन झाल्यावर तीन महिन्यांत. गोल मात्र कोरेच राहिले. मधली आत्या हयात आहे, ऐंशीची, पण तिला आम्ही कधी काही विचारलंच नव्हतं. बाकीच्या सासरी गेल्या आणि तिकडेच संपल्या. आम्हाला त्यांच्या बाराव्याची जेवणं आठवत होती, आजार आठवत नव्हता.

"रक्त आज घेऊ," बाई म्हणाल्या, "पण हे गोल मला भरून हवेत."

दादा तासगावकडे द्राक्षबाग करतो. तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. त्याच्या आदल्या छाटणीपासून त्याला दम लागायचा, बागेतून घरी येताना मध्ये बांधावर बसायचा. हिमोग्लोबिन ७.२. एका डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यांनी मूळव्याधीचं मलम. उजव्या बाजूचं मोठं आतडं रुंद असतं, तिथली गाठ वाट अडवत नाही, नुसती झिरपत राहते. रक्त डोळ्यांना दिसत नाही, माणूस मात्र पांढरा पडत जातो. चाळिशीतल्या पुरुषाचं रक्त कमी होतंय तर ते जातंय कुठून, हा प्रश्न सात महिने कुणाला पडला नाही. मलाही नाही, हे कबूल करते. आण्णांचंही असंच झालं होतं, आणि मी त्यांची मुलगी आहे.

ऑपरेशन झालं, उजवीकडचं आतडं काढलं. पुण्यातल्या कॅन्सरतज्ज्ञांनी कागद पाहिले, आण्णांचं वय ऐकलं आणि म्हणाले, ही गाठ चार प्रथिनांसाठी रंगवून बघायला हवी. त्यासाठी ब्लॉक आणा.

ब्लॉक म्हणजे काय, हे मला तोवर माहीत नव्हतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बसवून पॅथॉलॉजीवाले जपून ठेवतात. सांगलीला जिथं ऑपरेशन झालं होतं तिथल्या खिडकीतल्या माणसानं आधी "स्लाइड न्या, ब्लॉक मिळत नाही" असं सांगितलं. मग अर्ज, दादाचं आधार कार्ड, त्याच्या सहीचं पत्र, आणि दुसऱ्या फेरीला "साहेब रजेवर आहेत". तिसऱ्या फेरीला ब्लॉक हातात आला. पुण्यात नेला तर कळलं, तो गाठीचा नाहीच, कापलेल्या आतड्याच्या टोकाचा, निरोगी भागाचा. पुन्हा सांगली. चौथ्या फेरीत मी नंबर जुळवून घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. काडेपेटीपेक्षा लहान, करड्या प्लॅस्टिकची जाळीदार चौकट, तीत पिवळट मेण, आणि मेणात नखाएवढा तपकिरी डाग. कडेला पेन्सिलीनं लिहिलेला आकडा. माझ्या भावाला सात महिने पोखरणारी वस्तू ती हीच. एप्रिलचा महिना होता. "उन्हातल्या गाडीत ठेवू नका, मेण आहे," एवढं मात्र त्या माणसानं आपणहून सांगितलं. मी ती पाकिटात घालून स्टीलच्या डब्यात ठेवली आणि एसटीत डबा पुण्यापर्यंत मांडीवर धरून बसले.

रिपोर्टमध्ये चार ओळी होत्या. एमएलएच १ आहे. पीएमएस २ आहे. एमएसएच २ नाही. एमएसएच ६ नाही.

मी बँकेत आहे, म्हणून मला हे आमच्याच भाषेत समजलं. आमच्याकडे नोंद करणारा एक, त्याला मेकर म्हणतात, आणि ती तपासून पास करणारा दुसरा, तो चेकर. पेशी दुभंगताना जनुकांची नक्कल होते आणि एवढ्या मोठ्या मजकुरात चुका होणारच. त्या पकडणारे चेकर म्हणजे ही प्रथिनं. एमएसएच २ आणि एमएसएच ६ जोडीनं काम करतात. पहिलं नसेल तर दुसरं एकटं टिकत नाही, म्हणून रिपोर्टात दोघंही गैरहजर. प्रत्येकाकडे हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एक जन्मतःच बिघडलेली असली तरी दुसरीवर काम चालतं. एखाद्या पेशीत तीही बिघडली की तिथल्या चुका पास होत जातात आणि साठत जातात. आतड्यात, गर्भाशयाच्या अस्तरात, मूत्रमार्गात, कुठंही.

त्यातून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. दादाची गाठ दुसऱ्या टप्प्यातली होती. या जातीच्या गाठी त्या टप्प्यावर पुन्हा उलटण्याचं प्रमाण कमी असतं आणि फ्लुरोयुरासिल या केमोच्या नेहमीच्या औषधाचा त्यांना एकट्यानं फायदा होत नाही, म्हणून डॉक्टरांनी केमो द्यायची नाही असं ठरवलं. दादा म्हणाला, "म्हंजे खोट असल्याचा फायदाच झाला की." वहिनी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

पण गाठीत प्रथिन नाही म्हणजे दोष जन्मजात आहेच, असं नसतं. ते रक्तावरून ठरतं. म्हणून ते समुपदेशन, तो आडवा कागद, आणि दादाच्या दंडातून जांभळ्या बुचाच्या नळीत घेतलेलं थोडंसं रक्त. अनेक जनुकं एकदम वाचणाऱ्या पॅनेलचे तेव्हा १८,००० रुपये लागले. निकालाला महिना लागणार होता. त्या महिन्यात मी गोल भरायला निघाले.

पहिल्यांदा आठवला तो हेळवी. आमच्या भागात सुगीनंतर नंदीबैल घेऊन येतात, ओसरीवर बसून घराण्याची वंशावळ वाचतात आणि धान्य, पैसे घेऊन जातात. लहानपणी वाटायचं यांना सगळं ठाऊक असतं. आता त्यांच्याकडेही मोबाइल आहे, दादाकडे नंबर होता. फोन केला. त्यांनी आठ पिढ्या घडाघडा सांगितल्या, सगळे पुरुष. मी आत्यांचं विचारलं.

"लेकी सासरच्या वहीत असतात, ताई."

"आणि सासरच्या वहीत?"

"तिकडं त्यांचे मुलगे."

त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. छापील कुळवृत्तांतांचीही तीच तऱ्हा आहे. आमच्या साहेबांच्या घराण्याचा जाडजूड ग्रंथ त्यांनी मला कौतुकानं दाखवला होता, त्यात पणजोबांच्या नावापुढे 'दोन मुली' एवढंच होतं. दोष मात्र वही बघून उतरत नाही. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

मग कवठेमहांकाळला मधल्या आत्याकडे गेले. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. मी वही काढली तशी म्हणाली, "पंचनामा करायला आलीस व्हय?" पण नंतर बोलायला लागली ती थांबेना.

चौथी बहीण होती. दादाचं बरोबर होतं. गोवरानं गेली, तीन वर्षांची. थोरली, म्हणजे आक्का, ४६ व्या वर्षी गेली. कशानं? आत्यानं सुनेकडे एक नजर टाकली, ती आत गेल्यावर आवाज उतरवला. "अंगावरनं जायचं तिच्या. पाळी बंद झाल्यावर बी. वरीसभर. फडकी धुऊन धुऊन हात गेलं, पर कुनाला सांगितलं न्हाई. मिरजंला न्हेली तवा डाक्टर म्हनला, पिशवीत पसरलंय." आणि धाकटी? "तिला लघवीतनं रगत. मूतखडा म्हणून वरीसभर कुळथाचं पानी पाजलं. मूत्रपिंडाला गाठ निघाली." शेंगांची टरफलं सुपात पडत होती. माझ्या वहीतले दोन गोल काळे झाले.

निघताना मी विचारलं, "आत्या, हे आधी का नाही सांगितलंस?"

"इचारलं कवा कुनी?"

हा आजार वैद्यकाच्या नजरेत आला तो बाईच्या तोंडूनच, हे मी नंतर वाचलं. १८९५ साली अमेरिकेत मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे अल्ड्रेड वॉर्थिन नावाच्या विकृतिशास्त्रज्ञाला एका शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं की माझ्या घरातली माणसं पोटाच्या, आतड्याच्या, नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती गेलीही तशीच, गर्भाशयाच्या कॅन्सरनं. वॉर्थिननं तिच्या घराण्याचा वृत्तांत १९१३ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्याच ओमाहाच्या हेन्री लिंच यांनी १९६६ मध्ये अशाच घराण्यांवर लिहिलं, पुढे त्यांचंच नाव या आजाराला मिळालं, लिंच सिंड्रोम. एमएसएच २ हे जनुक सापडायला १९९३ साल उजाडलं. म्हणजे आण्णा गेल्यावर दोन वर्षांनी.

भरलेला कागद घेऊन गेले तेव्हा समुपदेशक बाई बराच वेळ त्याकडे बघत राहिल्या. सलग तीन पिढ्या, आतडं, गर्भाशय, मूत्रपिंड. "रिपोर्ट यायचाय," त्या म्हणाल्या, "पण हा कागद बोलतोय." एका गोलावर त्यांनी बोट ठेवलं. आक्काची मुलगी, आमची आत्येबहीण, आम्ही तिला माई म्हणतो. ५७ वर्षांची, ठणठणीत. ३९ व्या वर्षी पिशवी काढलेली. कशासाठी? ते तिलाही माहीत नव्हतं. "डॉक्टर म्हणाले काढा, काढली." पिशवी तपासायला पाठवली होती का, कागद आहे का, काही नाही. आमच्याकडे पिशवी काढणं इतकं सहज झालंय की घराण्याचा इतिहास तिथं पुसलाच जातो. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांची बातमी आली तेव्हा सगळ्यांनी हळहळ केली, पण आमच्या गल्लीतसुद्धा चाळिशीच्या आत पिशवी गेलेल्या पाचसहा जणी मी मोजून दाखवीन. त्यातली एखादी खरंच आजारी असली तरी आता कोण सांगणार?

बाईंचा शेवटचा प्रश्न, "तुमच्यात नात्यात लग्नं होतात?"

होतात की. मामाची मुलगी करणं आमच्याकडे मानाचं. माईच्या धाकट्या मुलाला दादाची मुलगी द्यायची, हे जवळजवळ ठरल्यातच जमा होतं, पोरीचं शिक्षण संपलं की सुपारी फोडायची. बाईंनी पेन खाली ठेवलं. दोघांतही दोष असेल तर मुलाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या येण्याची शक्यता चारात एक, आणि तसं झालं तर कॅन्सर चाळिशीची वाट बघत नाही, लहानपणीच होतो, मेंदूत, रक्तात, आतड्यात. लग्न करू नका असं त्या म्हणाल्या नाहीत. आधी दोघांची तपासणी करा, एवढंच म्हणाल्या.

दादाचा रिपोर्ट आला. एमएसएच २ मध्ये दोष, रोगकारक. सोबत नातेवाइकांसाठी एक साधं पत्र होतं, कुणाचं नाव नसलेलं. ते एकेकाला भेटून, समजावून द्यायचं होतं. वहिनीनं उत्साहाच्या भरात पत्राऐवजी दादाचा अख्खा रिपोर्टच फोटो काढून घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'सर्वांनी टेस्ट करून घ्यावी.' दहा मिनिटांत दोघा चुलतभावांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं, एका काकूनं गोमूत्राचा उपाय पाठवला, आणि माई ग्रुपमधून बाहेर पडली. संध्याकाळी तिचा दादाला फोन आला. "पोरगी द्यायची नसंल तर सरळ सांग. रगताचं निमित्त कशाला?" त्यानंतर दीड वर्ष ती आमच्याशी बोलली नाही. माझ्या मते इतकं नुकसान त्या दोषानंही केलं नव्हतं. वहिनीला मी काही बोलले नाही, तिनं चांगल्यासाठीच केलं होतं. पण ते पत्र घेऊन मी पहिल्या दिवशीच माईकडे जायला हवं होतं.

माझी आणि धाकट्या बहिणीची तपासणी एकाच दिवशी झाली. कुठं बघायचं ते आता ठाऊक असल्यामुळे आमच्या रक्तात तेवढी एकच जागा वाचायची होती, खर्चही पॅनेलच्या पाव हिश्शावर आला. निकाल फोनवर सांगत नाहीत, समोर बोलावतात, आणि बसल्यावर पहिल्यांदा विचारतात, "ऐकायचंय ना नक्की?" मी हो म्हटलं. बाईंनी कागद माझ्याकडे फिरवला. माझ्यात दोष होता. मला त्या क्षणी काहीही वाटलं नाही, फक्त त्यांच्या टेबलावरच्या कुंडीतलं मनीप्लांट पाण्याला आलंय एवढं दिसलं. रडायला आलं ते रात्री, कणीक मळताना.

बहिणीच्या रक्तात काही नव्हतं. तिचा धोका चारचौघांइतकाच, तिच्या मुलांना तपासायचीही गरज नाही. मला वाटलं ती सुटकेचा श्वास टाकेल. ती जिन्यात थांबून म्हणाली, "ताई, आता मी कुठल्या तोंडानं तुमच्याकडे येऊ गं?"

माझी मुलगी तेव्हा १६ची होती. तिची तपासणी करत नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर तिचं तिनं ठरवायचं. पुतणी सज्ञान होती, तिनं करून घेतली. तिचा निकाल तिचा आहे, तो इथे लिहीत नाही. विम्याचं लोक हमखास विचारतात. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं जनुकीय आजार म्हणून आरोग्यविम्याचे दावे सरसकट नाकारणं हा भेदभाव ठरवला, तरी मी नवी पॉलिसी घेताना अर्जातला प्रत्येक रकाना दोनदा वाचला.

माझ्यासारखीला आतड्याच्या कॅन्सरचा आयुष्यभराचा धोका एकतृतीयांश ते निम्मा असतो, गर्भाशयाचाही जवळपास त्याच घरातला. आतड्यासाठी दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीनं आतडं आतून बघणं. तिचं भय वाटतं ते तपासणीचं नाही, आदल्या रात्रीचं. दोन दिवस पालेभाज्या बंद, बिया असलेलं काही नाही, द्राक्षवाल्याच्या घरात द्राक्षसुद्धा नाही. शेवटच्या दिवशी गाळलेली पेज, नारळपाणी, साखरेचं पाणी. मग दोन लिटर पाण्यात आतडं साफ करणारी ती पावडर. चव खारट, बुळबुळीत, कोमट असली तर घशाखाली उतरत नाही. पहिल्या वर्षी मी ती रडतरडत संपवली. दुसऱ्या वर्षी शहाणी झाले, फ्रीजमध्ये गार केली, लिंबू गाळून पिळलं आणि दर पाव तासाला पेलाभर, मोबाइलवर गजर लावून. शेवटी पोटातून नुसतं पिवळसर स्वच्छ पाणी जायला लागलं की झालं.

पहिल्या वर्षी आतडं साफ होतं. दुसऱ्या वर्षी उजवीकडेच, दादाच्या गाठीच्याच जागेच्या आसपास, ८ मिलिमीटरचा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ, निघाला. भूल अर्धवट होती, पडद्यावर मला दिसला. कोंबासारखा उभा नव्हता, चपटा होता, पुरीवर आलेल्या बारक्या फोडासारखा. तारेचा फास टाकला, आवळला, आणि तो गेला. तपासणीत साधाच निघाला. डॉक्टर म्हणाले, इतरांच्यात अशा पॉलिपचा कॅन्सर व्हायला दहाएक वर्षं लागतात, तुमच्या घराण्यात दोन-तीन वर्षांतही होतो, म्हणून तारीख चुकवायची नाही. ॲस्पिरिननं या लोकांत धोका कमी होतो, हे इंग्लंडच्या जॉन बर्न यांच्या अभ्यासात दिसलंय. मी ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेते, पित्ताची गोळी सोबत. मनानं कुणी सुरू करू नये.

पिशवीचं मी ४४ व्या वर्षी उरकून घेतलं, अंडाशयांसकट. सासूबाई म्हणाल्या, त्यात काय, सगळ्याच काढतात. मी सर्जनना एकच अट घातली होती, काढलेलं सगळं तपासायला जाईल आणि कागद माझ्या हातात येईल. आला. कॅन्सर नाही. त्याच्या तीन झेरॉक्स काढून एक मुलीच्या फायलीत ठेवली.

माई अजून तपासून घेत नाही. पण गेल्या पावसाळ्यात तिच्या मुलीचा मला इचलकरंजीहून फोन आला. ग्रुपवरचा तो रिपोर्ट तिनं तेव्हाच मोबाइलमध्ये जपून ठेवला होता, त्यावरची जागा दाखवून गुपचूप रक्त दिलं होतं. दोष निघाला. तिच्या वडिलांच्या घरात असलं काही नाही. म्हणजे लेकीचा रिपोर्ट आला तो आईचाही आला, आईनं सुई टोचून न घेता. माईची पिशवी कशासाठी गेली असेल याचा थोडा अंदाज आता करता येतो, पण तो तिला सांगायचा कुणी? मुलगी म्हणते, दिवाळीनंतर मी सांगते. दिवाळी झाली. मी विचारलेलं नाही. समुपदेशक बाईंच्या कागदावर मात्र आणखी एक गोल वाढलाय.

परवा रात्री दहाला तिचा पुन्हा फोन. मागं नळ चालू होता, पोरं टीव्हीपुढं ओरडत होती.

"मावशी, उद्या आहे माझी. एक पेला प्यायले, उलटून पडतंय. लिंबू पिळलं तर चालतं का यात?"

"चालतं. गाळून पीळ, बी पडू देऊ नको. आणि आधी गार कर."

"फ्रीज भरलाय भाज्यांनी."

"मग भाज्या बाहेर काढ."